वाड्याचे सागवान आणि भोपाळची ओल

पुण्यात १७३० साली शनिवारवाड्याचे बांधकाम सुरू झाले. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला गेला. १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले, दगडी जोती तेवढी राहिली. ती जोती पाहिली की आपल्या जुन्या गवंडी-सुतारांचा एक नियम कळतो : पाण्याशी गाठ दगडाने घ्यायची, लाकडाने नाही.

वाड्यात लाकडी खांब जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा राही, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते कापलेल्या टोकातून. घर उंच जोत्यावर असे. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे काढलेले असे, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. मधल्या चौकातून ऊन-वारा आत येई. कडीपाट उघडा असल्याने कुठे गळते ते लगेच दिसे. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यातही खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे आहेत. नियम तोच.

सागात मूळचेच तेल असते, म्हणून तो वाळवी आणि बुरशीला सहसा दाद देत नाही. पण सागालाही मर्यादा आहेत. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते आणि लाकूड कुजू लागते. घरातल्या कामाला १२ टक्क्यांच्या आसपास वाळलेले लाकूड चांगले. एखादा पावसाळा लाकूड सोसते. भिजल्यावर वाळायला मिळाले नाही, तर मात्र ते टिकत नाही. जुन्या माणसांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांची घरे याच हिशेबाने बांधलेली होती.

आता आपल्या भोपाळकडे येऊ. हे तलावांचे शहर, वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मोठ्या तलावाच्या काठी कुदसिया बेगमने १८२० साली बांधवलेला गौहर महलही चौकाभोवतीच उभा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीमागे इथे आली. सामानात देव्हारा, पाट, चौरंग आणि आजीची पेटी होतीच. साग इथेही परका नव्हता. सातपुड्यातले सागाचे बोरी जंगल १८६५ सालीच राखीव झालेले. त्या काळच्या सरकारी बांधकामात चौकट बसवण्याआधी तिच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूला डांबराचे दोन हात देत. जोत्यावर ओलरोधक थर घालत, कारण विटांची भिंत जमिनीतले पाणी वातीसारखी वर ओढते. तळखड्याचे काम आता हा थर करू लागला.

पुढे आम्ही, म्हणजे इथेच जन्मलेली पिढी, फ्लॅटमध्ये राहायला गेलो. चौक गेला, पागोळ्या गेल्या. न्हाणीघराच्या भिंतीला खेटून कपाट आले. इथे जिला सीलन म्हणतात ती ओल कपाटामागे मुरत राहते आणि पाठीचा प्लाय फुगेपर्यंत कळत नाही. मग सगळा दोष लाकडाला देऊन जुना देव्हाराही भंगारात निघतो. दुरुस्तीच्या कामांत आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहतो : वर चकचकीत ऑइलपेंट, आणि आत कुजलेली चौकट. ओल्या लाकडावर रंग चढवला की ओल आतच कोंडते.

गणपतीसाठी चौरंग आणि मखर बाहेर निघतात, तेव्हाच घरातल्या लाकडावर एक नजर टाकावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. पाय फरशीवर थेट टेकू न देता खाली दगडाची किंवा रबराची चकती द्यावी. चौकटीच्या तळाशी बोथट टोच्याने दाबून पाहावे; टोचा सहज आत गेला तर आधी पाण्याची वाट बंद करावी, मग सुताराला बोलवावे. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी. नुसते झाडून भागत नाही. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला लगेच रंधा मारू नये, हिवाळ्यात तिथेच फट पडते. दिवाळीनंतर लाकूड नीट वाळले की जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

वाडे आपण भोपाळला आणू शकलो नाही. पण त्यांतले थोडे सागवान अजून आपल्या घरांत आहे, आणि ते सांभाळायला मोठा खर्च लागत नाही. पाणी दूर आणि वारा मोकळा, एवढेच नातवंडांना शिकवले, तर ज्या पाटावर पणजोबांनी गणपती बसवला, त्याच पाटावर तीही बसवतील.