शिळ्या हेडर फाइली

सी भाषेतील मोठी आज्ञावली अनेक फाइलींत विभागलेली असते. त्या सर्वांना लागणाऱ्या समाईक व्याख्या ‘हेडर’ नावाच्या फाइलीत ठेवतात. काही हेडर फाइली माणूस लिहीत नाही. संगणकाचा प्रकार व निवडलेले पर्याय पाहून त्या बांधणीच्या वेळी आपोआप तयार होतात. पर्याय बदलूनही आधीची फाइलच वापरात राहिली, तर ती शिळी होय.

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ साली स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली. दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल मात्र झाली नव्हती. त्यांचे सहकारी स्ट्युअर्ट फेल्डमन यांच्यावरही आदल्या संध्याकाळी हाच प्रसंग आला होता. त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन निर्माण केले. मेक केवळ वेळा ताडून पाहते : मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीहून नवी असेल, तर दुसरी पुन्हा बनवावयाची. ही पद्धत साधी आहे व म्हणूनच टिकली. परंतु फाइल कोणत्या पर्यायांनुसार बनली, हे तीवरून कळत नाही. एकाच संरचनेचा आकार दोन भागांनी वेगवेगळा धरला, तरी सी भाषेतील जोडणीत ते सहसा उघडकीस येत नाही. आज्ञावली तयार होते आणि चालताना कोसळते.

डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑटोकॉन्फ’मुळे निर्मित हेडर सर्वत्र रूढ झाली. येथे अडचण उलट होती. हेडर दर वेळी नव्याने लिहिल्यास काहीही न बदलता सर्व फाइली पुन्हा कंपाइल होत. म्हणून मजकूर तोच असल्यास जुनी फाइल तशीच ठेवतात. पण मग मेकला ती कायमच जुनी दिसते. त्यासाठी केवळ वेळ नोंदविणारी वेगळी फाइल ठेवण्याची प्रथा पडली. लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक पर्यायासाठी रिकामी अशी स्वतंत्र फाइल ठेवून, बदललेल्या पर्यायावर अवलंबून असलेले भागच पुन्हा कंपाइल करतात. ही योजना अधिक चतुर म्हणावी लागेल.

सर्वांत फसवा प्रकार वेळेचा नसून जागेचा आहे. मूळ फाइलींच्या निर्देशिकेत एकदा बांधणी केली आणि पुढे वेगळ्या निर्देशिकेत नव्या पर्यायांनी केली, तर तेथे योग्य हेडर तयार होते. तथापि अवतरणचिन्हांत नाव दिलेले हेडर कंपायलर प्रथम मूळ फाइलीशेजारी शोधतो व तेथील शिळे उचलतो. म्हणूनच ऑटोकॉन्फच्या मार्गदर्शिकेत हे नाव कोनकंसांत लिहिण्याची शिफारस आहे. लिनक्सची बांधणी तर मूळ निर्देशिकेत जुने अवशेष आढळल्यास ते काढावयास सांगून थांबते.