उवे राइनहार्ट : उपचारांच्या किमतीचा हिशेब मागणारा अर्थतज्ज्ञ

अमेरिकेतील आरोग्यसेवा जगात सर्वांत महाग का, या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे अर्थशास्त्रज्ञ उवे राइनहार्ट (१९३७-२०१७) हे जन्माने जर्मन होते. ओस्नाब्र्युक येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या सावटात आणि युद्धोत्तर हलाखीत गेले. मात्र जर्मनीत १८८३ पासून सक्तीच्या आरोग्यविम्याची परंपरा होती. घरी दारिद्र्य असूनही इतरांसारखेच उपचार मिळत, ही आठवण ते पुढे आवर्जून सांगत.

तरुणपणी ते कॅनडात स्थलांतरित झाले आणि सस्कॅचेवान विद्यापीठातून १९६४ मध्ये वाणिज्य शाखेचे पदवीधर झाले. याच प्रांताने १ जुलै १९६२ रोजी सार्वत्रिक वैद्यकीय विमा लागू केला आणि त्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. उपचारांचे पैसे कोणी व कसे द्यायचे, हा वाद त्यांच्या विद्यार्थिदशेतच त्या प्रांतात पेटला होता. पुढे येल विद्यापीठातून १९७० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याआधीच, १९६८ मध्ये, ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले होते. तेथे त्यांनी सुमारे पाच दशके अध्यापन केले.

त्यांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले संशोधन २००३ मधील आहे. सहकाऱ्यांसह त्यांनी विकसित देशांच्या आकडेवारीची तुलना केली. सन २००० मध्ये अमेरिकेचा दरडोई आरोग्यखर्च ४,६३१ डॉलर होता, तर या देशांचा मध्यांक १,९८३ डॉलर होता. परंतु अमेरिकी नागरिक डॉक्टरांकडे अधिक वेळा जात नव्हते, रुग्णालयातही अधिक दिवस राहत नव्हते. फरक मुख्यतः दरांचा होता. रुग्णालयांचे दर कसे ठरतात, यावरील पडदा त्यांनी २००६ च्या लेखात दूर केला. एकाच उपचाराचे वेगवेगळ्या विमा कंपन्यांना वेगवेगळे दर लागत आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसे.

तैवानने राष्ट्रीय आरोग्यविम्याची आखणी करताना त्यांचा सल्ला घेतला. तेथे १९९५ मध्ये एकाच शासकीय विमा यंत्रणेद्वारे सर्वांना संरक्षण देणारी योजना सुरू झाली.

आकडेमोडीमागे एक नैतिक प्रश्न असतो, असा त्यांचा आग्रह होता. गरीब घरातील मुलाला टाळता येण्याजोगा आजार टाळण्याची आणि झाल्यास बरे होण्याची संधी श्रीमंताच्या मुलाइतकीच मिळावी काय? १९९७ मध्ये त्यांनी हा प्रश्न थेट मांडला. धोरणकर्त्यांनी आधी याचे उत्तर द्यावे, मग योजना आखाव्यात, ही त्यांची भूमिका होती. त्यांचे ‘प्राइस्ड आउट’ हे शेवटचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०१९ मध्ये प्रकाशित झाले. अमेरिकी आरोग्यव्यवस्थेची आर्थिक व नैतिक किंमत हाच त्याचाही विषय आहे.