‘डेव्हिल’ प्रकल्प: गोपनीय इंजिनाचा वारसा

भारतीय क्षेपणास्त्र विकासाचा प्रारंभ दिल्लीतील मेटकाफ हाऊस येथे १९५८ साली स्थापन झालेल्या विशेष शस्त्रास्त्र विकास पथकापासून झाला. त्यातूनच हैदराबादची संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळा आकारास आली. १९७० च्या दशकात या प्रयोगशाळेने ‘डेव्हिल’ हा गोपनीय प्रकल्प हाती घेतला. सोव्हिएत बनावटीच्या एसए-२ या विमानवेधी क्षेपणास्त्राचे सुटे भाग अभ्यासून तसेच क्षेपणास्त्र, त्याच्या द्रवरूप इंधनावरील इंजिनासह, देशातच तयार करणे हा त्यामागील उद्देश होता. क्षेपणास्त्र सैन्यदलात दाखल न होताच १९८० मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला. तथापि, इंजिनाविषयीचे ज्ञान वाया गेले नाही. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावलेल्या ‘पृथ्वी’च्या उभारणीत तेच उपयोगी पडले.