लेव्हलिंग स्टाफ

लेव्हलिंग स्टाफ हा सर्वेक्षणात दोन किंवा अधिक बिंदूंच्या उंचीतील फरक मोजण्यासाठी वापरला जाणारा, मापाच्या खुणा असलेला सरळ दंड होय. हा दंड बिंदूवर उभा धरतात आणि काही अंतरावर ठेवलेल्या लेव्हल या दुर्बीणयुक्त यंत्रातून त्यावरील अंक वाचतात. दंड एकटा कोणत्याही बिंदूची उंची सांगू शकत नाही. यंत्राच्या आडव्या दृष्टिरेषेपासून बिंदू किती खाली आहे, एवढेच त्यावरून कळते. रस्ते, रेल्वे, कालवे, इमारतींचे पाये अशा बहुतेक बांधकामांत त्याचा उपयोग होतो. मलवाहिन्या आणि पावसाळी पाण्याचे नळ टाकताना त्याला विशेष महत्त्व येते. या नळांतून पाणी केवळ उतारामुळे वाहते, हा उतार दर मीटरला काही मिलिमीटरांचाच असतो आणि चर बुजवल्यानंतर तो दुरुस्त करणे अवघड असते.

इतिहास

पाणी उताराने नेण्यासाठी पातळी मोजण्याची गरज फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने इ.स.पू. पहिल्या शतकात कोरोबेट्स नावाच्या सुमारे २० फूट लांबीच्या लाकडी साधनाचे वर्णन केले आहे. त्याला ओळंबे लावलेले असत. वारा असल्यास ओळंबे स्थिर राहत नाहीत, म्हणून त्याच्या वरच्या बाजूस पाणी भरण्याची खाचही असे.

दुर्बीण लावलेली यंत्रे आल्यानंतरही आरंभी निरीक्षकाला दुरून अंक वाचता येत नसत. दंडावर सरकणारी एक चकती असे. निरीक्षक हाताच्या खुणेने ती वर किंवा खाली घेण्यास सांगे आणि ती दृष्टिरेषेवर आली की दंड धरणारा माणूस माप वाचे. पुढे दुर्बिणी सुधारल्या आणि निरीक्षकाला स्वतः वाचता येतील असे ठळक अंकांचे दंड प्रचारात आले. ब्रिटनमध्ये रेल्वेबांधणीच्या काळात, १८३२ मध्ये, विल्यम ग्रॅव्हट याने डम्पी लेव्हल हे आटोपशीर यंत्र तयार केले. एकात एक सरकणाऱ्या तीन भागांचा १४ फुटी दंड टॉमस सॉपविथ याच्या नावाने ओळखला जातो.

लाकूड ओलाव्याने आणि धातू उष्णतेने लांबी बदलतो. शार्ल एद्वार गियोम याने १८९६ मध्ये शोधलेल्या इन्व्हार या निकेल व लोखंडाच्या मिश्रधातूचे प्रसरण अत्यल्प असते, त्यामुळे अतिअचूक कामासाठी इन्व्हारची पट्टी बसवलेले दंड तयार होऊ लागले. गियोम याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना

भारतात वापरल्या जाणाऱ्या ४ मीटर लांबीच्या घडीच्या लाकडी दंडासाठी आय.एस. १७७९ हे भारतीय मानक आहे. हा दंड प्रत्येकी २ मीटर लांबीच्या, मुरवलेल्या लाकडाच्या दोन तुकड्यांचा असतो. त्याची रुंदी ७५ मिमी आणि जाडी १८ मिमी असते. दोन्ही तुकडे बिजागरीने जोडलेले असून मागील बाजूच्या खिटीने ते सरळ रेषेत घट्ट बसतात. तळाला पितळी टोपण असते, त्यामुळे लाकूड झिजत नाही. दंड उभा आहे की नाही हे पाहण्यासाठी मागे गोल पाणसळ बसवलेली असते.

प्रत्येक मीटरचे २०० भाग पाडलेले असतात, म्हणजे एक भाग ५ मिमीचा असतो. पांढऱ्या पृष्ठभागावर काळे पट्टे रंगवलेले असतात. मीटरचे अंक लाल आणि दशांश मीटरचे अंक काळे असतात. ५ मिमीपेक्षा लहान माप निरीक्षकाने नजरेने अंदाजावे लागते.

प्रकार

घडीचा दंड : वर वर्णिलेला लाकडी दंड. सांधा एकच असल्याने विश्वासार्ह, परंतु वाहून नेण्यास जड.

सरकता दंड : ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा, एकात एक बसणाऱ्या भागांचा. हलका असल्यामुळे बांधकामांवर सध्या हाच अधिक आढळतो.

चकतीचा दंड : अंतर जास्त असताना किंवा प्रकाश कमी असताना उपयुक्त. अमेरिकेतील फिलाडेल्फिया रॉडवर चकती लावता येते आणि दुर्बिणीतून थेट वाचनही करता येते.

इन्व्हार दंड : उच्च अचूकतेच्या पातळीमापनासाठी.

बारकोड दंड : अंकांऐवजी काळ्यापांढऱ्या रेषांची सांकेतिक खूण असलेला, डिजिटल लेव्हलसाठीचा दंड.

वाचनाचे तत्त्व

यंत्र समपातळीत आणल्यावर त्याची दृष्टिरेषा आडवी होते. उंची माहीत असलेल्या बेंच मार्कवर प्रथम दंड धरतात. या वाचनाला बॅक साइट म्हणतात. बेंच मार्कच्या पातळीत ते मिळवले की दृष्टिरेषेची पातळी मिळते. नंतर दंड इतर बिंदूंवर धरतात आणि दृष्टिरेषेच्या पातळीतून तेथील वाचन वजा करतात. वाचन जितके मोठे, तितका बिंदू खाली, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याला सुरुवातीस उलटी वाटते.

दुर्बिणीत मधल्या आडव्या तारेखेरीज वर आणि खाली दोन आखूड तारा असतात. या दोन तारांच्या वाचनांची सरासरी मधल्या तारेच्या वाचनाएवढी आली पाहिजे. अंक चुकीचा वाचला गेल्यास या पडताळणीत तो लगेच उघड होतो. जुन्या यंत्रांतून प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे त्यांत दंडावरील माप वरून खाली वाढत जाताना दिसते.

नळाचा ढाळ ठरवणे

गुरुत्वाने वाहणाऱ्या नळाची पातळी त्याच्या आतील तळाला मोजतात. तिला इन्व्हर्ट लेव्हल म्हणतात. दंड नळाच्या पाठीवर धरला असेल, तर आतील व्यास आणि वरच्या भिंतीची जाडी हिशेबात घ्यावी लागते.

उदाहरणार्थ, दोन मॅनहोलमधील अंतर ३० मीटर आणि ठरवलेला ढाळ १५० ला १ असल्यास एकूण उतार २०० मिमी येतो. वरच्या मॅनहोलची इन्व्हर्ट पातळी ९८.५०० मीटर असेल, तर खालच्या मॅनहोलची ९८.३०० मीटर होईल. बेंच मार्क १००.००० मीटर आणि त्यावरील वाचन १.२५० असल्यास दृष्टिरेषा १०१.२५० मीटरवर येते. मग दंडावर पुढील वाचने यावयास हवीत :

वरच्या टोकाला : १०१.२५० − ९८.५०० = २.७५०

मध्यावर, १५ मीटरवर : १०१.२५० − ९८.४०० = २.८५०

खालच्या टोकाला : १०१.२५० − ९८.३०० = २.९५०

नळाची लांबी २.५ मीटर असल्यास एका नळाच्या दोन टोकांत केवळ सुमारे १७ मिमीचा फरक पडतो. दंडावरील साडेतीन खुणांपेक्षाही तो कमी आहे.

साइट रेल आणि बोनिंग रॉड

प्रत्येक नळासाठी यंत्र लावणे वेळखाऊ असते. म्हणून दोन्ही मॅनहोलपाशी चराच्या आरपार आडव्या फळ्या ठोकतात, त्यांना साइट रेल म्हणतात. प्रत्येक फळीची वरची कड त्या ठिकाणच्या इन्व्हर्ट पातळीपेक्षा ठरावीक उंचीवर ठेवतात. वरील उदाहरणात ही उंची २.५ मीटर घेतल्यास फळ्यांच्या पातळ्या १०१.००० आणि १००.८०० येतात, आणि त्यांवर धरलेल्या दंडाची वाचने अनुक्रमे ०.२५० आणि ०.४५० असली पाहिजेत.

दोन फळ्यांच्या कडांमधून जाणारी काल्पनिक रेषा नळाच्या तळाशी समांतर असते. मग त्याच २.५ मीटर लांबीचा, टी आकाराचा बोनिंग रॉड नळाच्या आतील तळावर उभा करतात. एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे पाहताना रॉडची आडवी पट्टी त्याच रेषेत आली, की नळ योग्य पातळीत बसला असे समजतात. रॉडवर अंक नसतात. लेव्हलिंग स्टाफने ठरवलेली पातळी तो फक्त चराच्या तळापर्यंत पोहोचवतो. दोनऐवजी तीन फळ्या लावल्यास एखादी फळी धक्क्याने हलली तर ते नजरेस येते.

त्रुटी आणि खबरदारी

दंड तिरपा धरणे : दंड कललेला असला की वाचन नेहमी खऱ्यापेक्षा मोठे येते. ३ मीटरच्या वाचनात ३ अंशांच्या कलाने सुमारे ४ मिमी, तर ५ अंशांच्या कलाने सुमारे ११ मिमी चूक होते. पाणसळ नसल्यास दंड हळूहळू पुढेमागे झुलवतात आणि दिसलेले सर्वांत लहान वाचन खरे मानतात.

तळाची झीज : एकच दंड सर्वत्र वापरल्यास बॅक साइट आणि पुढील वाचने यांत सारखीच चूक येऊन ती परस्पर कटते. कामाच्या मध्येच दंड बदलल्यास मात्र ती कटत नाही.

सांधा अपुरा उघडणे : सरकत्या दंडातील ही सर्वांत फसवी चूक आहे. बेंच मार्कवरील १.२५० हे वाचन खालच्या भागावर आणि नळाचे २.९५० हे वाचन वरच्या भागावर पडते. मधला सांधा १० मिमी कमी उघडला असेल, तर पहिले वाचन बरोबर आणि दुसरे १० मिमी जास्त येईल. अपेक्षित वाचन दिसेपर्यंत नळ बसवला, तर तो १० मिमी उंच बसेल. म्हणून उघडलेल्या दंडाची लांबी टेपने पडताळून पाहतात.

चिखल : दंडाच्या किंवा बोनिंग रॉडच्या तळाला चिकटलेली माती तेवढीच चूक निर्माण करते. ओल्या चरात प्रत्येक वाचनापूर्वी तळ पुसणे आवश्यक असते.

ढाळ चुकल्याचे परिणाम

मलवाहिनीत घाण साचू नये यासाठी पाण्याला पुरेसा वेग लागतो. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या मलनिःसारण पुस्तिकेत आरंभीच्या काळातील कमाल प्रवाहाला किमान ०.६ मीटर प्रतिसेकंद आणि भविष्यातील कमाल प्रवाहाला ०.८ मीटर प्रतिसेकंद वेग सुचवलेला आहे. वेग कमी पडल्यास वाळू आणि घन पदार्थ तळाशी बसतात.

दोन्ही टोकांच्या पातळ्या बरोबर आहेत, एवढ्यावरून मधला ढाळ बरोबर ठरत नाही. वरील उदाहरणात मधला एक सांधा २० मिमी खाली बसला, तर त्यापुढचा नळ सुमारे १७ मिमी उतरण्याऐवजी सुमारे ३ मिमी चढतो. मॅनहोलमधील वाचने मात्र नकाशाशी तंतोतंत जुळतात. त्या खळग्यात पाणी साचून राहते आणि त्यावर गाळ धरतो. म्हणून चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक नळाची पातळी तपासतात. एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरूनही पाहतात. नळांची ओळ सरळ असल्यास आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते.

वारंवार तुंबणारी मलवाहिनी पुन्हा पुन्हा साफ करावी लागते. भारतात मलवाहिन्यांत उतरून सफाई करताना विषारी वायूंमुळे अनेक कामगारांचे मृत्यू झाले आहेत. सुरक्षासाधनांविना अशी धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी घातली आहे. मलवाहिन्या तुंबण्याची कारणे अनेक असली, तरी चुकीचा ढाळ हे बांधकामाच्या वेळीच टाळता येणारे कारण आहे.

भारतातील संदर्भपातळी

दंडाची वाचने ज्या बेंच मार्कशी जोडतात, त्याची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पहिले देशव्यापी पातळीमापन १८५८ मध्ये सुरू झाले आणि १९०९ मध्ये त्याचे समायोजन पूर्ण झाले. त्यासाठी मुंबई आणि कारवारसह नऊ ठिकाणच्या भरतीओहोटीच्या नोंदींचा आधार घेण्यात आला.

मुंबईत नागरी कामांच्या पातळ्या ‘टाउन हॉल डेटम’ या स्थानिक संदर्भानेही दिल्या जातात. नकाशावरील पातळी कोणत्या संदर्भाची आहे हे पाहिले नाही, तर दंडावरील अचूक वाचनही निरुपयोगी ठरते. या शहरातील पावसाळी पाण्याची अनेक मुखे मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली जातात. त्यामुळे हाजी अली, इर्ला यांसारख्या ठिकाणी पंपाने पाणी उपसावे लागते.

आधुनिक साधने

१९९० मध्ये विल्ड कंपनीने डिजिटल लेव्हल बाजारात आणली. बारकोड दंडाची प्रतिमा घेऊन ती वाचन आणि अंतर आपोआप नोंदवते, त्यामुळे अंक चुकीचा वाचण्याची शक्यता उरत नाही. नळ टाकताना मॅनहोलमध्ये लेसर यंत्र बसवून ठरवलेल्या ढाळाचा किरण सोडतात आणि नळाच्या तोंडाशी लावलेल्या लक्ष्यपट्टीवर तो मध्यभागी पडेल असा नळ हलवतात. मात्र लेसरची सुरुवातीची पातळी बेंच मार्कवरूनच आणावी लागते. नळ बसल्यानंतरची तपासणीही बहुधा लेव्हल आणि दंडानेच होते.

सुरक्षितता

ॲल्युमिनियमचा दंड विजेचा सुवाहक असल्याने विजेच्या तारांखाली तो पूर्ण उघडणे प्राणघातक ठरू शकते. अशा ठिकाणी कोरडा, वीजरोधक फायबरग्लासचा दंड वापरतात आणि तरीही तारांपासून सुरक्षित अंतर राखतात. खोल चरात दंड धरणाऱ्या व्यक्तीने बाजूंना आधारफळ्या लावल्याशिवाय उतरू नये, कारण बाजूची माती कोणतीही पूर्वसूचना न देता ढासळू शकते.

हे सुद्धा पहा

सर्वेक्षण
डम्पी लेव्हल
बेंच मार्क
पाणसळ
ओळंबा
मलनिःसारण