दुष्काळातली भजनं

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास बहुतेक वेळा मिशनच्या अहवालांवरून लिहिला जातो. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला पोचलं. पुढे शाळा, दवाखाने, बाप्तिस्म्यांचे आकडे. हे खरंच आहे. पण मी नेवासे तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले, जन्मभर मंडळीच्या भजनात टाळ धरला, आणि त्या आकड्यांत मला हवं ते उत्तर कधी मिळालं नाही. एवढ्या हालांत आमची माणसं गात कशी होती?

हाल थोडेथोडके नव्हते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि त्यातून माणूस उठतो न उठतो तोच १८९९-१९०० चा. मधल्या मध्ये प्लेग. आमच्या भागात ख्रिस्ती झालेले बरेचसे महार आणि मांग. बाप्तिस्म्यानं गावाची नजर बदलली नाही. जी विहीर बंद होती ती बंदच राहिली, आणि बलुत्याच्या हक्कावरून नवे तंटे लागले. वर ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा. तो मी माझ्या शाळकरी वयातही ऐकला आहे.

या टोमण्याला मी कधी लाजले नाही. पोरं उपाशी मरत असताना कुणी मिशनबंगल्याच्या दारात धान्यासाठी उभं राहिलं असेल, तर त्यात पाप कसलं? पण पाऊस पडला, शेतं पिकली, धान्यवाटप थांबलं, तरी पुष्कळजण राहिले. त्यांना कशानं धरून ठेवलं, हे विचारायला हवं. पाळकांची प्रवचनं, बायबलबाईंच्या घरभेटी, शाळा, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण माझ्या मते सगळ्यांत मोठा वाटा भजनाचा.

आमच्या घरात त्या काळातली एक हकिगत चालत आली आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याला खर्जाचा भरीव आवाज येत नाही. गोळा अंगठ्यानं मधोमध दाबायचा, पाण्याचा हात फिरवून कडा पातळ करायच्या, थाप मारून बघायची, आवाज चढा वाटला तर आणखी थोडी कणीक. भजन संपलं की ती खरवडून काढायची. दुष्काळाच्या वर्षी आमच्या पणज्यानं पखवाज खुंटीला टांगला. घरात मुलांच्या तोंडात घालायला चिमूटभर पीठ नाही, ते चामड्यावर कसं थापायचं? भजन मात्र थांबलं नाही. टाळ होते, चिपळ्या होत्या, उरलेल्यांचे हात होते. पुढच्या सुगीत पहिलं दळण आलं, तेव्हा भाकरीच्या आधी त्यातली मूठभर कणीक पखवाजाला लागली, असं आजी सांगायची. पणजीनं त्यावरून भांडण केलं, हेही सांगायची.

ही भजनं आली कुठून, याचा इतिहास मोठा सुंदर आहे. सुरुवातीला मिशनरी इंग्रजी गीतांची भाषांतरं शिकवत, विलायती चालींवर. शब्द मराठी असले तरी गळ्याला ती चाल परकी होती. १८६०च्या दशकात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तेच निरूपण, तीच साथ, आख्यान मात्र येशूचं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या आसपासच्या खेड्यांत ओवी आणि अभंग कुणाला शिकवावे लागत नव्हते. फरक इतकाच, की आमच्या लोकांना देवळाच्या आत कधी जागा मिळाली नव्हती. आता तेच सूर घेऊन ती माणसं उपासनेच्या मध्यभागी बसली.

मग आले नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन राहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आणि ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतपुस्तक त्यांच्या गीतांनी भरून गेलं. टिळक कवी म्हणून थोर आहेतच. पण निरक्षर बाईला दोनदा ऐकून पाठ व्हावं असं लिहिणं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईच्या हाती पुस्तक देऊन काय उपयोग? तिला चाल हवी, धृपद हवं आणि शेजारी चार जणी हव्यात.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची किंमत मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा बाटला म्हणजे जिवंतपणी गेल्यासारखाच. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, माणसांची बोलणी खाल्ली, आणि नंतर आपल्या पावलांनी चालत त्याच वाटेला आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मी पानोपानी हसले आहे, आणि त्याच पानांवर दारिद्र्य आहे, आजारपणं आहेत, मुलांचे मृत्यू आहेत. ज्या बाईनं हे भोगलं तीच बाई हे हसत सांगते. दुःख झाकण्यासाठी केलेलं ते हसू नव्हे. दुःख पुरतं सांगून झाल्यावर आलेलं आहे. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचा अकरावा अध्याय अर्ध्यावर होता. जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईनं पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या, आणि ग्रंथ छापून आला तो १९३८ मध्ये.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, नवरा कॉलऱ्यानं गेला. तीच बाई पुढच्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली उचलून घेऊन आली. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली त्याच मुली मोठमोठ्यानं प्रार्थना करत, रडत आणि गात होत्या, आणि ते बघायला लांबून माणसं येत होती. १९२१ च्या जुलैत एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला तो ते काम हातावेगळं करून.

आमच्या भजनात बायांना सर्वांत आवडतं ते पौल आणि सीला यांचं आख्यान. फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाल्लेल्या अंगानं, पाय खोड्यात अडकलेले, आणि मध्यरात्री दोघं स्तोत्रं गातात. लहानपणी मला नवल वाटे ते भूकंप होऊन दारं उघडली याचं. आता वाटतं, खरी गोष्ट भूकंपाच्या आधीचीच आहे. दारं उघडणार आहेत हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. आमच्या पणज्यालाही पुढचा पाऊस ठाऊक नव्हता.

हे सगळं रम्य करून मांडायचा माझा हेतू नाही. दुष्काळात गाणारेही मेले, आणि न गाणारेही. भजनानं कुणाचं पोट भरलं नाही. पण आनंद हा एकट्याच्या स्वभावावर सोडला तर तो दुष्काळात टिकत नाही, हे त्या लोकांना पक्कं कळलं होतं. म्हणून त्यांनी त्याला ठरलेली वेळ दिली, जागा दिली, ताल दिला. ज्याच्या घरी त्या दिवशी मयत झालेलं असे, त्याच्या दारात भजन बसे. तो गाऊ शकला नाही तर बाकीचे त्याच्यासाठी गात.

आज आमच्या मंडळ्यांत कीबोर्ड आहे, ध्वनिक्षेपक आहे, नवी गाणी आहेत. मुलं मनापासून गातात, मला ती आवडतात. पण जुन्या चाली झपाट्यानं जात आहेत. ‘उपासना संगीता’त शब्द सापडतील, वडाळ्याची बाई ते पद कसं उचलत असे आणि राहुरीचा बुवा ते कुठे लांबवत असे, ते पुस्तकात नाही. नगर, राहुरी, संगमनेर, नेवासे या बाजूला तुमच्या घरात एखादी म्हातारी अजून गुणगुणत असेल, तर तिच्यापाशी बसा. मोबाईलवर तिची चाल टिपून घ्या. ट्रंकेत हातानं लिहिलेली भजनाची वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. हे काम याच वर्षी करा.