घरगुती सर्व्हर

घरगुती सर्व्हर म्हणजे कुटुंबातील संचिका, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व चित्रफिती एका ठिकाणी साठवून त्या घरातील भ्रमणध्वनी, संगणक आणि दूरचित्रवाणी संचांना घरच्याच जाळ्यावरून पुरवणारा छोटा संगणक होय. कार्यालयीन सर्व्हरप्रमाणे तोही दिवसरात्र चालू असतो. मात्र तो राहत्या खोलीत ठेवला जात असल्याने कमी वीजवापर, शांतता व कमी उष्णता हे त्याच्या निवडीचे मुख्य निकष ठरतात. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या व आंतरजालाची जोडणी क्षीण असणाऱ्या भागांत, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात, या निकषांना अधिक महत्त्व येते.

इतिहास

वेगवेगळ्या कार्यप्रणालींच्या संगणकांना एकमेकांच्या संचिका वापरता याव्यात यासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सांबा या मुक्तस्रोत आज्ञावलीचे काम सुरू केले. आजच्या बहुतेक घरगुती सर्व्हरांमध्ये संचिका-वाटपासाठी हीच आज्ञावली वापरली जाते. २००५ मध्ये फ्रीनॅस ही खास साठवणुकीसाठीची मुक्त कार्यप्रणाली आली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विंडोज होम सर्व्हर बाजारात आणले. त्याची शेवटची आवृत्ती २०११ ची होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या एकपट्टी संगणकामुळे अत्यल्प विजेवर चालणारा सर्व्हर सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. २०२३ मध्ये इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॅट औष्णिक मर्यादेचा प्रक्रियक आला आणि त्यावर आधारलेले छोटे संगणक या कामासाठी लोकप्रिय झाले.

प्रकार

एकपट्टी संगणक: रास्पबेरी पाय व तत्सम यंत्रे यात येतात. २०१९ च्या पाय ४ पासून वेगवान यूएसबी व पूर्ण गिगाबिट जाळेजोडणी उपलब्ध झाल्याने संचिका-वाटपासाठी ही यंत्रे पुरेशी ठरतात.

छोटे संगणक: वहीएवढ्या पेटीत मावणारे हे संगणक असतात. कार्यालयांतून बाद झालेले छोटे संगणक दुरुस्ती-बाजारात स्वस्तात मिळतात व ते या कामासाठी सर्रास वापरले जातात.

तयार साठवण-पेट्या: सिनॉलॉजी, क्यूनॅप आदी कंपन्यांच्या, दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसवता येणाऱ्या पेट्या. त्या वापरण्यास सोप्या, परंतु तुलनेने महाग असतात.

जुना मेज-संगणक किंवा लॅपटॉप: यासाठी नवा खर्च नसतो. मेज-संगणक वीज अधिक खातो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, मात्र ती जुनी होऊन फुगलेली नाही याची खात्री करावी लागते.

वीजवापर

अखंड चालणाऱ्या यंत्राचा खर्च त्याच्या कमाल क्षमतेवर नव्हे, तर निष्क्रिय अवस्थेतील वीजवापरावर अवलंबून असतो. कारण दिवसातील बहुतांश वेळ सर्व्हर काहीच काम करत नसतो. वर्षात ८,७६० तास असल्याने सतत लागणारा प्रत्येक वॅट वर्षाला ८.७६ युनिट वीज खर्च करतो.

| सरासरी वीजवापर | ३० दिवसांचे युनिट | वर्षाचे युनिट |
|---|---|---|
| ५ वॅट | ३.६ | ४३.८ |
| १० वॅट | ७.२ | ८७.६ |
| २० वॅट | १४.४ | १७५.२ |
| ६० वॅट | ४३.२ | ५२५.६ |

एकपट्टी संगणक साधारणतः पहिल्या ओळीत, हार्ड डिस्क नसलेला छोटा संगणक पहिल्या-दुसऱ्या ओळीत, तर जुना मेज-संगणक बहुधा शेवटच्या ओळीच्या आसपास येतो. महावितरणच्या घरगुती दररचनेत मासिक १०० युनिटांपुढील वापरास चढा दर लागतो. त्यामुळे पंखा, दिवे व दूरचित्रवाणी एवढाच वापर असणाऱ्या घरात ६० वॅटचा सर्व्हर कुटुंबाला वरच्या टप्प्यात नेऊ शकतो. १० वॅटच्या यंत्राने तसे होण्याचा संभव कमी असतो.

साठवण, आवाज व उष्णता

घरगुती सर्व्हरचा आवाज प्रामुख्याने पंखा व फिरती हार्ड डिस्क यांचा असतो. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरत असताना निष्क्रिय अवस्थेतही सुमारे ४ ते ६ वॅट घेते. अडीच इंची हार्ड डिस्क त्याहून बरीच कमी वीज घेते व तिचा आवाजही कमी असतो. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने ती पूर्णतः शांत असते, परंतु प्रति टेराबाइट महाग पडते. म्हणून कार्यप्रणाली व नेहमीच्या संचिका एसएसडीवर आणि क्वचित लागणाऱ्या चित्रफिती हार्ड डिस्कवर, अशी विभागणी रूढ आहे. लाकडी फळी किंवा पत्र्याचे कपाट डिस्कच्या कंपनाचा आवाज वाढवते; यंत्राखाली रबराचा तुकडा ठेवल्यास तो कमी होतो. पंखारहित यंत्रात धूळ व किडे कमी शिरतात, मात्र त्याच्या धातूच्या कवचाभोवती हवा खेळती असावी लागते.

चित्रफितींचे प्रक्षेपण

चित्रफीत मूळ स्वरूपातच दूरचित्रवाणीकडे पाठवली तर सर्व्हरवर फारसा भार पडत नाही. हे काम एकपट्टी संगणकही सहज करतो. पाहणाऱ्या संचाला ते स्वरूप वाचता येत नसेल तर सर्व्हरला चित्रफितीचे तत्क्षणी रूपांतर करावे लागते व तेथे क्षमतेचा प्रश्न येतो. एन१०० सारख्या प्रक्रियकांत यासाठी स्वतंत्र परिपथ असल्याने असे रूपांतर कमी विजेत होते. घरातील सर्व संच एच.२६४ हे सर्वपरिचित स्वरूप वाचत असतील आणि चित्रफिती त्याच स्वरूपात असतील, तर अधिक शक्तिशाली यंत्राची गरज उरत नाही. चित्रफितींसाठी जेलिफिन, संचिकांसाठी नेक्स्टक्लाउड, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांसाठी इमिच व यंत्रायंत्रांत संचिका जुळत्या ठेवण्यासाठी सिंकथिंग या मुक्तस्रोत आज्ञावल्या प्रचलित आहेत.

खंडित वीजपुरवठा

लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेल्यास संचिका अर्धवट राहतात. मेमरी कार्डवर कार्यप्रणाली असलेल्या एकपट्टी संगणकात संपूर्ण कार्ड निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे एसएसडी अधिक सुरक्षित मानली जाते. घरातील इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवायचा असल्यास तो यूपीएस स्थितीत ठेवावा लागतो, अन्यथा बदलाच्या क्षणी यंत्र बंद पडू शकते. बॅटरी संपत आल्याचे ओळखून सर्व्हर व्यवस्थित बंद करण्याचे काम नेटवर्क यूपीएस टूल्स ही आज्ञावली करते.

कमी वीजवापराचा दुसरा लाभ येथे दिसतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. त्यांपैकी सुमारे ६० वॅट-तास वापरता आले, तर १० वॅटचा सर्व्हर सहा तास चालतो. ६० वॅटचे यंत्र जेमतेम एक तास.

रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या यंत्रांत स्वतंत्र घड्याळ नसते. वीज परतल्यावर आंतरजाल उपलब्ध नसेल तर अशा यंत्राची तारीख चुकते आणि नव्या संचिकांवर चुकीच्या तारखा पडतात. अल्प किमतीचे घड्याळ-परिपथ जोडून हा दोष दूर करता येतो.

पेठसारख्या भागातील उपयोग

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका असून तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो. सह्याद्रीच्या रांगांमुळे येथे पाऊस भरपूर पडतो. अशा डोंगराळ भागात वाऱ्यापावसात तारांवर झाडे पडून वीज जाते आणि खोऱ्यांतील पाड्यांवर भ्रमणध्वनीचे संकेत क्षीण असतात. त्यामुळे सर्व संचिका दूरस्थ मेघ-साठवणीवर ठेवण्याचा पर्याय अपुरा पडतो. घरातील सर्व्हर मात्र आंतरजाल नसतानाही वायफायवरून संचिका पुरवतो.

या भागातील कुटुंबांच्या दृष्टीने काही विदा विशेष मोलाची असते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये केलेल्या दाव्यांची कागदपत्रे व नकाशे, जात वैधता प्रमाणपत्रासाठी लागणारे पूर्वजांचे पुरावे, तसेच बोहाड्यातील सोंगे, तारपा व पावरीवादन, कोकणा बोलीतील गाणी व वृद्धांच्या आठवणी यांची ध्वनिचित्रमुद्रणे ही त्याची उदाहरणे होत. कागदपत्रांच्या प्रती कार्यालयांतून पुन्हा मिळू शकतात. दिवंगत गायकाचे भ्रमणध्वनीवरचे एकमेव मुद्रण तो भ्रमणध्वनी बिघडल्यास कायमचे नष्ट होते.

शैक्षणिक उपयोगासाठी कीविक्स या आज्ञावलीद्वारे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आंतरजालाविना वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून तीही सर्व्हरवर ठेवता येतात. एकदा शहरातून भरून आणलेली अशी सामग्री घरातील किंवा शाळेतील सर्व भ्रमणध्वनींना एकाच वेळी उपलब्ध होते.

विदेची सुरक्षितता

घरगुती सर्व्हर ही स्वतः प्रतिसाठवण नव्हे. दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची व्यवस्था एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. परंतु चुकून पुसलेली संचिका दोन्हींवरून पुसली जाते आणि वीज कोसळल्यास दोन्ही एकदम जळू शकतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेल्या ३-२-१ नियमानुसार विदेच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. पेठमधील कुटुंबासाठी एक हार्ड डिस्क नाशिक शहरातील नातेवाइकांकडे ठेवून दर काही महिन्यांनी अद्ययावत करणे हा त्याचा सर्वांत साधा मार्ग होय.

घराबाहेरून सर्व्हर वापरायचा असल्यास तो थेट आंतरजालावर उघडा न ठेवता वायरगार्डसारख्या खासगी जोडणीतून वापरणे सुरक्षित असते. अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देणाऱ्या भ्रमणध्वनी कंपन्यांच्या जोडणीवर बाहेरून थेट पोहोचता येत नाही; तेथे आयपीव्ही६ किंवा मध्यस्थ सेवा वापरावी लागते.

हे सुद्धा पहा

• पेठ तालुका
• रास्पबेरी पाय
• मुक्तस्रोत आज्ञावली
• मराठी विकिपीडिया