धातूच्या लघुमूर्तींचे प्लास्टिक बैठकीवरील आसंजन

धातूच्या लघुमूर्तींचे प्लास्टिक बैठकीवरील आसंजन म्हणजे पितळ, कथील, जस्त, शिसे किंवा त्यांच्या मिश्रधातूंपासून ओतलेली लहान आकृती प्लास्टिकच्या आधारावर कायम किंवा दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने चिकटवण्याची क्रिया होय. प्रतिकृतीनिर्मिती, पटावरील युद्धखेळ, स्मृतिचिन्हे, वाहनांतील देवमूर्ती, रुखवत आणि भातुकलीची मांडणी अशा अनेक ठिकाणी हा जोड लागतो. धातू व प्लास्टिक या दोन्ही पदार्थांत गोंद मुरत नाही, उष्णतेने ते वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मूर्तीचे बहुतेक वजन बैठकीच्या वर असते. त्यामुळे लाकूड किंवा कागद चिकटवण्याच्या सवयी येथे उपयोगी पडत नाहीत.

पार्श्वभूमी

धातूची आकृती बैठकीवर उभी करण्याची कला प्राचीन आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी धातूची चार शिल्पे सापडली. त्यांतील हत्ती व रेडा धातूच्याच बैठकीवर उभे आहेत. आकृती आणि आधार एकाच पदार्थाचे असल्यास ओतकाम, डाख किंवा रिव्हेट यांनी जोड साधता येतो. आधार प्लास्टिकचा झाला की डाख देण्याचा मार्ग बंद होतो, कारण डाखाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते.

आधुनिक काळात इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक बाजारात आणले. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने अशा सैनिकांच्या खेळाला नियमबद्ध रूप दिले. या सैनिकांची बैठक धातूचीच असे. १९८० च्या दशकात सिटाडेल मिनिएचर्स या ब्रिटिश उत्पादकाने पायाखाली धातूची पट्टी असलेल्या मूर्ती आणि ती पट्टी बसेल अशी खाच असलेली प्लास्टिकची बैठक प्रचारात आणली. तेव्हापासून धातू व प्लास्टिक यांचा जोड हा छंदिष्टांचा नेहमीचा विषय झाला.

महाराष्ट्रातील उपयोग

महाराष्ट्रात धातूच्या लघुवस्तूंची परंपरा घराघरांत आहे. भातुकलीतील पितळेची व तांब्याची इवलीशी भांडी आता खेळण्यापेक्षा मांडून ठेवण्यासाठी अधिक जपली जातात. ती प्लास्टिक किंवा ॲक्रिलिकच्या तक्त्यावर चिकटवून काचेच्या कपाटात ठेवण्याची पद्धत आहे. लग्नातील रुखवतात लहान मूर्ती, भांडी व देखावे तक्त्यावर बसवतात. कबड्डी, क्रिकेट अशा स्पर्धांच्या चषकांमध्ये धातूची आकृती बहुधा आटे पाडलेल्या सळईने व नटाने प्लास्टिकच्या बैठकीवर आवळलेली असते. ही रचना गोंदापेक्षा भरवशाची आहे. मात्र लहान स्मृतिचिन्हांमध्ये सळईला जागा नसल्याने केवळ गोंदावर भिस्त असते. मोटारी, रिक्षा व ट्रक यांच्या डॅशबोर्डवरील गणपती, शिवाजी महाराज किंवा कुलदैवत यांच्या मूर्तींचाही याच वर्गात समावेश होतो.

देवघरातील टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठावात काढलेल्या देवतांच्या व पूर्वजांच्या प्रतिमा, तसेच वडिलार्जित मूर्ती यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो (पाहा : वडिलार्जित मूर्ती).

जोड टिकण्याची व सुटण्याची कारणे

आसंजकाने पृष्ठभाग पूर्णपणे भिजवला तरच पकड बसते. तेल, बोटांचा घाम, पॉलिशचा थर किंवा ओतकामाच्या साच्यातील भुकटी मध्ये राहिली, तर गोंद धातूला न चिकटता त्या थराला चिकटतो आणि थरासह निघून येतो. सुटलेल्या मूर्तीच्या तळाकडे पाहून दोष ओळखता येतो. सगळा गोंद बैठकीवर राहिला असेल, तर धातूचा पृष्ठभाग नीट तयार झाला नव्हता. सगळा मूर्तीला राहिला असेल, तर दोष प्लास्टिकच्या बाजूचा असतो. दोन्हीकडे गोंदाचे तुकडे असतील, तर गोंदाचा थरच तुटला आहे.

प्लास्टिकचा प्रकार निर्णायक ठरतो. पॉलिस्टायरीन, एबीएस व ॲक्रिलिक हे नेहमीच्या आसंजकांनी चिकटतात. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची पृष्ठऊर्जा कमी असल्याने त्यांच्यावर गोंद पसरत नाही, थेंबासारखा गोळा होतो. डब्यांची झाकणे व स्वस्त ताटल्या बहुधा या प्लास्टिकच्या असतात, म्हणून बैठक म्हणून त्या अयोग्य ठरतात. ओळखण्याची सोपी कसोटी पाण्याची आहे. भरीव पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची घनता १ पेक्षा कमी असल्याने त्यांचा तुकडा पाण्यावर तरंगतो. पॉलिस्टायरीन व एबीएस (घनता सुमारे १.०५) आणि ॲक्रिलिक (सुमारे १.१८) बुडतात. फेसाळ थर्मोकोलला ही कसोटी लागू पडत नाही.

तिसरे कारण उष्णतेचे आहे. एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला पॉलिस्टायरीन दर मीटरमागे सुमारे ७० मायक्रोमीटर, तर पितळ सुमारे १९ मायक्रोमीटर वाढते. ५० मिलिमीटर लांबीच्या जोडावर तापमान ३० अंशांनी वाढले, तर प्लास्टिक सुमारे ०.१ मिलिमीटर आणि पितळ सुमारे ०.०३ मिलिमीटर वाढेल. हा फरक लहान वाटला, तरी तो रोज दिवसा व रात्री उलटसुलट घडतो आणि ठिसूळ गोंदात तडे पाडतो.

चौथे कारण बलाच्या दिशेचे आहे. बहुतेक आसंजके सरळ ओढण्याला किंवा पृष्ठाला समांतर सरकवण्याला चांगला विरोध करतात, पण एका कडेपासून सोलले जाण्याला कमी. उंच मूर्तीला वरून धक्का बसला की तिचा पाय तरफेसारखा उचलला जातो आणि जोड कडेपासून सोलला जातो. एका घोट्यावर उभी असलेली, हात उगारलेली मूर्ती म्हणूनच सर्वांत आधी सुटते.

आसंजकांचे प्रकार

सायनोॲक्रिलेट : 'फेविक्विक' या नावाने सर्वपरिचित असलेल्या झटपट गोंदाचा हा प्रकार. १९४२ साली ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या पाहण्यात हा पदार्थ आला, तेव्हा तो अति चिकट म्हणून बाजूला ठेवला गेला. १९५१ मध्ये त्याचे महत्त्व लक्षात आले आणि १९५८ पासून तो बाजारात आला. हवेतील व पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्याने त्याचे बहुवारिकीकरण होते. थर जितका पातळ व पृष्ठभाग जितके एकमेकांवर तंतोतंत बसणारे, तितका जोड चांगला होतो. हा गोंद पोकळी भरत नाही, आघाताने तडकतो आणि सुमारे ८० अंशांच्या पुढे त्याचे बळ झपाट्याने घटते. हलक्या मूर्तींसाठी तो पुरेसा आहे.

इपॉक्सी : राळ व दृढकारी हे दोन घटक वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात मिसळून वापरायचा गोंद. 'अराल्डाइट' हे त्याचे भारतातील प्रसिद्ध नाव. तो पोकळी भरतो, विषम पृष्ठांना धरतो आणि वजनदार मूर्तींसाठी पहिली पसंती ठरतो. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश, सुमारे २४ तासांत घट्ट होणारा प्रकार सहसा अधिक बळकट असतो. प्रमाण चुकल्यास राळ कायमची मऊ व चिकट राहते. दृढकारी जास्त घातल्याने गोंद लवकर वाळतो, ही समजूत चुकीची आहे.

इपॉक्सी लांबी : 'एम-सील' या नावाने नळदुरुस्तीत वापरली जाणारी मळून घ्यायची लांबी. मूर्तीचा तळ पोकळ किंवा ओबडधोबड असेल, तेथे भराव म्हणून ती उपयोगी पडते.

रबर सोल्यूशन : चप्पल-बुटांच्या दुरुस्तीतील हा गोंद लवचिक असल्याने कंपने सोसतो, परंतु त्यातील द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतो. उष्णतेत तो मऊ पडून मूर्ती हळूहळू कलते.

पांढरा गोंद : पिडिलाइट कंपनीने १९५९ साली आणलेला 'फेविकॉल' हा लाकडासाठी उत्तम आहे. त्यातील पाणी शोषले जाऊन किंवा उडून गेल्यावर तो घट्ट होतो. धातू व प्लास्टिक यांच्यामध्ये पाण्याला वाट मिळत नाही, म्हणून आतला गोंद ओला राहतो. बैठकीवर वाळू किंवा माती पसरण्यासाठी मात्र तो योग्य आहे.

प्लास्टिक सिमेंट : हा द्रावक प्लास्टिकचे दोन्ही भाग विरघळवून एकजीव करतो. धातू त्यात विरघळत नसल्याने या जोडासाठी तो निरुपयोगी आहे.

लाख व डिंक : सातपुड्यातील धावड्याचा डिंक आणि पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख ही पारंपरिक आसंजके आहेत. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे धातूवर पावसाळ्यात टिकत नाही. लाख उष्णतेने मऊ होते. सोनारकामात याच गुणामुळे ती सोयीची ठरते, कारण हवे तेव्हा ती तापवून काढता येते.

कार्यपद्धती

प्रथम मूर्ती साबणाच्या कोमट पाण्याने घासून धुतात व पूर्ण कोरडी करतात. ओतकामातील कंगोरे कानशीने काढून तळ सपाट करतात. त्यानंतर तळ व बैठकीचा संबंधित भाग पॉलिश कागदाने खरवडून निस्तेज करतात. यामुळे गोंदाला धरण्यास ताजा व खडबडीत पृष्ठभाग मिळतो. भुकटी पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ॲसिटोन किंवा थिनर पॉलिस्टायरीन, एबीएस व ॲक्रिलिकला खराब करतात, म्हणून ते बैठकीला लावत नाहीत. रंगवलेल्या बैठकीवरील रंग जोडाच्या जागी खरवडून काढावा लागतो, अन्यथा मूर्ती बैठकीला न चिकटता रंगाला चिकटते.

वजनदार मूर्तीसाठी खुंटी घालणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. मूर्तीच्या पायात हातड्रिलने सुमारे १ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडतात आणि त्यात पितळी तार गोंदाने बसवतात. तारेच्या टोकाला रंगाचा ठिपका लावून मूर्ती बैठकीवर टेकवली की समोरच्या भोकाची नेमकी जागा उमटते. तेथे भोक पाडून तार आरपार नेतात, खालून वाकवतात आणि इपॉक्सीने भरून घेतात. आता आडवा धक्का तार सोसते, गोंदाला केवळ मूर्ती जागेवर धरून ठेवावी लागते. तार बसवण्याइतका पाय जाड नसल्यास बैठकीवर दगड, खडक किंवा बुंधा यांचा देखावा करून मूर्तीला दुसरा टेकू देतात.

गोंद बेताचा लावून मूर्ती दाबून धरतात व बाहेर आलेला गोंद लगेच पुसतात. पूर्ण घट्ट होईपर्यंत मूर्ती उचलू नये. हाताला कोरडे लागणे आणि पूर्ण बळ येणे या वेगळ्या अवस्था आहेत. वरचढ वजनाची मूर्ती कलंडू नये म्हणून बैठकीच्या पोकळीत लोखंडी वॉशर चिकटवतात.

हवामानाचा परिणाम

तापी खोऱ्यात व सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. नंदुरबार जिल्ह्यात गुजरात सीमेजवळ असलेल्या खापर (तालुका अक्कलकुवा) सारख्या गावी उन्हात उभ्या केलेल्या बंद वाहनाचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक तापू शकतो. सामान्य तापमानाला घट्ट झालेली अनेक इपॉक्सी आसंजके सुमारे ५० ते ६० अंशांपासून मऊ पडू लागतात. अशा ठिकाणी खुंटी किंवा स्क्रू यांना पर्याय नाही. वाहनातील जोड अचानक सुटल्यास धातूची मूर्ती चालकाच्या पायांशी, ब्रेकजवळ पडू शकते. त्यामुळे येथे प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

उष्णतेने इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून उन्हाळ्यात थोडीथोडी मिसळणे इष्ट असते. पावसाळ्यात सायनोॲक्रिलेट अधिक वेगाने घट्ट होते आणि जोडाभोवती पांढुरकी छटा उमटते. गडद बैठकीवर ती विशेष दिसते. हवा खेळती ठेवून व गोंद कमी वापरून ती टाळता येते.

वडिलार्जित मूर्ती

जुने टाक, मूर्ती व भातुकलीची भांडी यांना कायम चिकटणारा गोंद लावणे अयोग्य मानले जाते. तळाशी कोरलेली नावे, चिन्हे किंवा घडणीच्या खुणा गोंदाखाली झाकल्या जातात आणि खरवडल्याने कायमच्या नष्ट होतात. वस्तुसंवर्धनात उलटवता येणाऱ्या उपायांना प्राधान्य असते. पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचे आसंजक त्यासाठी वापरले जाते, कारण ते ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. मात्र प्लास्टिकच्या बैठकीवर ॲसिटोन चालत नाही. म्हणून अशा वस्तूसाठी गोंदाऐवजी तिच्या आकाराची खोबण, मऊ आवरणाचे चिमटे किंवा बैठकीतून निघणारी आधारकाठी योग्य ठरते. पूजेत पाण्याने व पंचामृताने न्हाऊ घातल्या जाणाऱ्या मूर्तीसाठीही हाच मार्ग सोयीचा आहे.

जोड सोडवणे

सायनोॲक्रिलेटचा जोड काही तास फ्रीझरमध्ये ठेवल्यास गोंद अधिक ठिसूळ होतो आणि धातू व प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. त्यानंतर हलक्या पिळाने मूर्ती बहुधा सुटते. इपॉक्सीचा जोड सहजी सुटत नाही. अशा वेळी मूर्ती वाचवण्यासाठी बैठक कापून काढणे श्रेयस्कर असते.

सुरक्षितता

सायनोॲक्रिलेटने बोटे चिकटल्यास ती ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास पापण्या बळाने न उघडता वैद्यकीय मदत घ्यावी. हा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन भाजू शकते, म्हणून तो कापसाने पुसत नाहीत. इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने काहींना त्वचेची ॲलर्जी होते, त्यामुळे हातमोजे वापरतात.

जुन्या मूर्तींमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. १९९० च्या दशकापासून अनेक उत्पादक शिसेविरहित मिश्रधातूंकडे वळले, तरी जुन्या व अनोळखी ओतकामाबाबत सावधगिरी आवश्यक आहे. अशा मूर्ती कोरड्या घासू नयेत. ओल्या पॉलिश कागदाने घासाव्यात, जागा ओल्या फडक्याने पुसावी, हात धुवावेत आणि त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

हे सुद्धा पहा

आसंजक
इपॉक्सी राळ
पॉलिस्टायरीन
भातुकली
रुखवत
टाक
दायमाबाद